रिपासिंगला गाडी नेण्याआधी ती खालून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१०-११ हे देशभर छोट्या मोटारींच्या विक्रीचे जोरदार वर्ष होते. त्या सुमारास एमएच-१० क्रमांक घेऊन सांगली, मिरज, तासगाव, विटा, जतच्या रस्त्यांवर आलेल्या गाड्यांची पंधरा वर्षे आता भरत आली आहेत. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि ज्यांनी त्या एक-दोन लाखांत घेतल्या, त्यांच्यासमोर पहिल्यांदाच रिपासिंगचा, म्हणजे गाडी तपासून घेऊन नोंदणी नव्याने करण्याचा, प्रश्न उभा राहतो आहे. गाडी कशामुळे नापास होते आणि त्यातले घरच्या घरी काय तपासता येते, हे लोकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

आधी कागदाचे थोडक्यात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा आणि मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत तो करता येतो. हे साठ दिवस सोन्यासारखे आहेत. गाडी पहिल्या फेरीत अडली तरी दुरुस्त करून परत नेण्याइतका वेळ हातात राहतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, मुदत उलटली की दर महिन्याला ५०० रुपये वर. वीस वर्षे ओलांडलेल्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये हाच आकडा १०,००० झाला. पर्यावरण कर वेगळा. चालू विमा, पीयूसी, थकीत चलने भरलेली, आणि कर्ज फिटले असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला, एवढे हवे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते, ते काम आधी उरका.

आता गाडी. पंधरा वर्षांची गाडी तपासणीत इंजिनामुळे क्वचितच नापास होते. तरीही लोक इंजिनावर आणि बाहेरच्या रंगावर खर्च करतात, सीट कव्हर नवी घालतात, आणि गाडी परत येते ती बल्बमुळे, फाटलेल्या रबरी टोपीमुळे, नाहीतर चॅसी नंबर वाचता न आल्यामुळे. खर्चाचा क्रम उलटा लागतो तो असा. पहिले काम गाडी रॅम्पवर चढवून तासभर खालून बघण्याचे. रंगाचा विचार त्यानंतर.

चॅसी नंबरापासूनच सुरुवात करा, कारण तो नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. नंबर सतरा अक्षरी असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटपाशी गालिच्याखाली ठोकलेला असतो. अर्जासोबत त्याचा पेन्सिलने घेतलेला छाप लागतो आणि निरीक्षक तो आरसीशी ताडून बघतात. गंज, ग्रीसचा थर किंवा रंगकाम करताना वरून मारलेला स्प्रे यांमुळे एक-दोन अक्षरे बुजतात. तीन आणि आठ, शून्य आणि सहा यांत घोळ होतो. अशा वेळी ड्रिलला वायर ब्रश लावून घासणे ही सर्वांत वाईट गोष्ट. ठसा आधीच उथळ असतो, तो कायमचा जातो. रॉकेल किंवा गंज सोडवणारे द्रव लावून रात्रभर ठेवा, जुन्या टूथब्रशने साफ करा, छाप घ्या आणि मग पातळ ग्रीसचा हात फिरवून ठेवा. अक्षर खरोखरच गेले असेल तर कुणाकडून तरी पंच मारून घेण्याच्या भानगडीत पडू नका. परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. तिथे अर्ज करून रीतसर परवानगीने तो पुन्हा ठोकून मिळतो. इंजिन नंबरचेही तसेच. मधल्या मालकाने भंगारातले इंजिन आणून टाकलेले असते, गाडी छान चालते, पण आरसीवर जुनाच नंबर. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडे त्या इंजिनाचे बिल मागा, मिळाले तर नोंद होऊ शकते. गाडीचा मूळ रंग बदलला असेल तर तीही नोंद आरसीवर हवी.

पत्रा हा दुसरा मोठा विषय, आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा. दरवाजाच्या खालच्या कडेला बुडबुडे आले म्हणून गाडी नापास होत नाही, ते फक्त दिसायला वाईट. प्रश्न येतो तो गाडीचा भार पेलणाऱ्या पत्र्याचा. दरवाजांखालची आडवी पोकळ तुळई, जॅक लावायच्या जागा, पुढचा शॉकअॅब्सॉर्बर वर जिथे बसतो तो कप, मागच्या आर्मचे (चाक बॉडीला धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) बोल्ट जिथे बसतात तो भाग, आणि पाय ठेवायचा फ्लोअर. तुळईच्या तळाशी पाणी निथळायला छोटी भोके ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजतात, किंवा अंडरबॉडी कोटिंग मारणाऱ्याने ती टेप न लावता सरळ बुजवलेली असतात. मग आत साचलेले पाणी वर्षानुवर्षे पत्रा आतून खाते आणि बाहेरून काळे रबरी कोटिंग झकास दिसते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत चला. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला भदाभदा. जिथे शंका येईल तिथे कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लावा. लांबी (गॅरेजमध्ये खड्डे भरायला वापरतात ती पुट्टी) किंवा एम-सील भरून वर कोटिंग मारलेले असेल तर चुंबक धरत नाही.

शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडे, आणि साताऱ्यात महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात वापरलेल्या गाडीला हे हमखास बघावे. जत-आटपाडीकडच्या गाडीचा पत्रा चांगला टिकतो, मात्र तिकडे उन्हाने रबर तडकते, त्याबद्दल पुढे येतेच. सडलेला पत्रा कापून, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा सलग वेल्डिंगने जोडून, आतून मेण किंवा गंजरोधक मारून घेतला तर ते काम टिकते. सडक्या पत्र्यावरच तुकडा ठेवून चार टाके मारणे ही फसवणूक आहे. वेल्डिंगआधी बॅटरीची केबल काढायला लावा, नाहीतर इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जाण्याचा धोका असतो. शॉकअॅब्सॉर्बरचा कप सडला असेल तर आमचे स्पष्ट मत असे की त्या गाडीवर पुढे पैसे घालू नयेत.

सांगलीत जुन्या गाडीला आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: ही पुरात होती का? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, जिथे इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्येही पाणी शहरात शिरले. त्या वेळी बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. काही विमा कंपनीकडून टोटल लॉस म्हणून लिलावात विकल्या गेल्या, धुऊन-सुकवून परत बाजारात आल्या आणि आता तिसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाच्या दारात उभ्या आहेत. पुराची गाडी सहा महिने बरी चालते. नंतर वायरीच्या आत तांबे काळे पडते, कनेक्टरच्या पिना हिरव्या होतात, आणि एकेक दिवा, एकेक सेन्सर रुसायला लागतो. म्हणजे तपासणीत जे बघितले जाते नेमके तेच.

ओळखायचे कसे? पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस पहिला मीटरभर पट्टा धुतो, रिळाजवळच्या भागावर चिखलाची रेघ तशीच राहते. सीटखालचे बोल्ट आणि स्प्रिंग बघा. काचा बंद करून वापरलेल्या गाडीत ते इतके गंजत नाहीत. डिकीतले स्टेपनीचे चाक उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा, नदीचा गाळ मऊ आणि बारीक असतो, रस्त्याच्या धुळीसारखा खरखरीत नसतो. मागच्या दिव्याच्या काचेच्या आत पाण्याची आडवी रेघ आहे का ते बघा. शेवटी फ्यूजबॉक्सचे झाकण काढून दोन-तीन फ्यूज उपसा, पाती पांढरी-हिरवी असतील तर समजा. चावी फिरवल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे (गाडीत ते असतील तर) पेटले पाहिजेत आणि ठरावीक वेळाने विझले पाहिजेत. अजिबात पेटतच नसतील तर कुणीतरी मीटरमागचा बल्ब काढलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

आता रॅम्पवरची बाकीची तपासणी. केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ स्टिअरिंगबद्दल दोन गोष्टी स्वच्छ सांगतो. स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळा खेळ असता कामा नये, आणि स्टिअरिंगच्या जोडणीतल्या बॉल जॉइंटवर रबरी टोपी असलीच पाहिजे. ही टोपी, गॅरेजच्या भाषेत बूट, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ती फाटली की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि काही हजार किलोमीटरमध्ये जॉइंट खुळखुळा. उन्हात तडकणारे रबर म्हणतो ते हेच. त्याच ओळीत स्टिअरिंग रॅकचा घडीदार बूट आणि ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) बूटही बघा. चाकाच्या आतल्या बाजूला वर्तुळाकार काळे ग्रीस उडालेले दिसले म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बूट गेला. वळताना कट-कट आवाज येत नसेल तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागते. आवाज येत असेल तर जॉइंटच बदलावा लागतो.

चाक जमिनीवरून उचलून दोन्ही हातांनी हलवून बघण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, पण काय हलते आहे ते मात्र नीट पाहिले जात नाही. हात वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर ठेवून हलवले आणि चाक डुलले तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर डुलणे थांबले तर बेअरिंग, तरीही डुलले तर बॉल जॉइंट. हात आडवे, नऊ आणि तीनवर ठेवून डुलले तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. लोअर आर्मचे बुश फुटले असतील तर चाक हाताने हलत नाही. पहारीने हलकेच रेटून बघावे लागते, किंवा ब्रेक मारल्यावर खालून ठक असा आवाज येतो त्यावरून कळते. टाय रॉड एंड किंवा आर्म बदलला की व्हील अलाइनमेंट करायलाच हवी, नाहीतर नवे टायर महिन्याभरात एका कडेने खाऊन जातात. शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीवर नुसता ओलसर धुळीचा थर चालून जातो, तेल खाली ओघळत असेल तर तो गेला. बदलताना पुढचे दोन किंवा मागचे दोन, जोडीने बदला.

ब्रेकमध्ये पुढची डिस्क सहसा दगा देत नाही, कारण पॅड प्रत्येक सर्व्हिसला बघितले जातात. पॅडवर तीन मिलिमीटर मटेरियल उरले की बदलावेत. दगा देतात ते मागचे ड्रम, जे कित्येक वर्षे कुणी उघडलेले नसतात. आत व्हील सिलिंडरचे रबर वाळते आणि ब्रेक ऑइल पाझरून शूवर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) येते. एका चाकाचा शू तेलकट, दुसरा कोरडा, त्यामुळे गाडी ब्रेक मारल्यावर कोरड्या बाजूकडे ओढली जाते. तपासणीच्या यंत्रावर डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकमधला फरक आकड्यात दिसतो आणि गाडी अडते. तेल प्यायलेला शू पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, तो तापला की तेल पुन्हा वर येते. दोन्ही चाकांचे शू आणि दोन्ही व्हील सिलिंडर बदला.

हँडब्रेक हा या वयाच्या गाड्यांचा ठरलेला दोष, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या दुरुस्तीतून आलेला असतो. ड्रममध्ये शू झिजेल तसा तो पुढे सरकवणारा आपोआप अॅडजस्टर असतो. धूळ आणि गंज यांनी तो अडकतो. मग लिव्हर फार वर यायला लागतो, आणि मेकॅनिक लिव्हरजवळचा नट आवळून केबल ताणून देतो. त्याने महिनाभर बरे वाटते. पण ताणलेल्या केबलमुळे शू पूर्ण मागे येत नाही, अॅडजस्टरचे काम कायमचे थांबते, ड्रम तापतो, आणि लिव्हर पुन्हा वर यायला लागतो. योग्य क्रम असा: केबल पूर्ण सैल करा, ड्रम उघडून अॅडजस्टर साफ करा व त्याच्या आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावा, शू ड्रमला जेमतेम घासेपर्यंत सरकवा, ड्रम लावून ब्रेक पेडल दहा-बारा वेळा दाबा, आणि सर्वांत शेवटी केबल ताणा. लिव्हर साधारण पाच-सहा खटक्यांत गच्च झाला पाहिजे. पेठ नाक्याच्या सपाट रस्त्यावर हँडब्रेकची परीक्षा होत नाही, पसरणी घाटासारख्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहते का ते बघा, चाकामागे दगड लावूनच.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते. चहासारखे काळपट झाले असेल तर आतले सिलिंडर आणि पाइप गंजायला लागलेच आहेत. चाकाजवळचे रबरी होज वाकवून बघा, सालपटे निघाल्यासारख्या भेगा दिसल्या तर बदला. बूस्टरची (ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) तपासणी मिनिटभराची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. आणि पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश जमिनीकडे जात असेल आणि तेल बाहेर कुठेच गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरे गेलेली आहेत. अशी गाडी त्या दिवसापासून रस्त्यावर नेऊ नका, पासिंग नंतर.

दिव्यांवर जास्त लिहितो आहोत, कारण सर्वाधिक गाड्या इथेच अडतात आणि हे सगळे स्वस्तातले काम आहे. हेडलाइटची प्लॅस्टिकची काच पिवळट-धुरकट झालेली असते. आधी ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पाणीपेपर ओला करून घासा, पॉलिश करा आणि वरून अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारा. कोट न मारता नुसते पॉलिश केले तर आपल्याकडच्या उन्हात काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टने चमकवलेली काच तर आठवडाभरही टिकत नाही. पण आतल्या रिफ्लेक्टरची चांदी उडालेली असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही, दिवाच बदलावा लागतो. ती चांदी उडते कशाने? बहुतेक गाड्यांत एच-४ प्रकारचा ६०/५५ वॅटचा बल्ब असतो, लोक तिथे १००/९० वॅटचा टाकतात. होल्डर वितळतो, वायर तापते, रिफ्लेक्टर करपतो. बल्बच्या जागी खोचलेले एलईडी दुसरी अडचण करतात. रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो, उजेडाचा उगम सरकला की झोत फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. मूळ वॅटचा साधा हॅलोजन बल्ब शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो बसवताना तीन कान खाचेत नीट बसले का ते बघा, वाकडा बसलेला बल्ब झोत आभाळात नेतो.

झोताची उंची घरी मोजता येते. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसलेला, डॅशबोर्डवर उंचीचे चाक असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्यावर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिपर खाली असताना उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, जागा पाच मीटरचीच असेल तर पाच सेंटिमीटर. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डाव्या बाजूला ती कड थोडी वर चढते, ते बरोबर आहे. हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवी. ते गंजून अडकले असतील तर जोर लावण्याआधी गंज सोडवणारे तेल मारा, प्लॅस्टिकचा आटा तुटला तर दिवाच गेला.

मागच्या दिव्यांत बल्ब चांगला आणि अर्थिंग खराब अशी जोडी नेहमीची. ओळखायला सोपे: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, किंवा लाइट लावल्यावर ब्रेकचा दिवा नीट पेटत नाही. करंटला बॉडीकडे परत जायला वाट नसते म्हणून तो दुसऱ्या तारेतून वाट काढतो. डिकीच्या आत जिथे काळी किंवा तपकिरी वायर बोल्टने बॉडीला लावलेली असते, तो बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, रिंग साफ करा, घट्ट आवळा, वर थोडी व्हॅसलीन लावा. ब्रेक आणि टेल एकत्र असलेला बल्ब २१/५ वॅटचा दोन तारांचा असतो, त्याच्या बाजूच्या खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. जबरदस्तीने उलटा बसवला तर टेललाइट ब्रेकसारखा भडक आणि ब्रेकलाइट मिणमिणता होतो. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० असावी, एका बाजूला ती एकदम जलद झाली तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला आहे. पारदर्शक काचेच्या इंडिकेटरमध्ये नारिंगी रंग बल्बवर असतो. पंधरा वर्षांत तो रंग पोपडे होऊन उडतो आणि इंडिकेटर पांढरा दिसतो. हे मालकाच्या कधी लक्षात येत नाही, निरीक्षकांच्या लगेच येते. नंबरप्लेटवरचा पाच वॅटचा दिवा आणि रिव्हर्सचा दिवा लोक विसरतातच.

धुराच्या बाबतीत आरसीवर गाडी भारत स्टेज (धुराच्या मर्यादेचा टप्पा) किती आहे ते आधी बघा. स्टेज दोन-तीनच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालते. स्टेज चारला हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलला स्टेज चारच्या आधी धुराची घनता २.४५ आणि स्टेज चारला १.६२. कार्बन मोनॉक्साइड वाढला म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त: तुंबलेला एअर फिल्टर, मंदावलेला ऑक्सिजन सेन्सर, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. थर्मोस्टॅट उघडा राहिला की इंजिन पुरेसे तापत नाही आणि इसीयू ते थंड आहे असे समजून पेट्रोल वाढवत राहतो. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची वाईट सवय आहे, तिचा परिणाम इथे दिसतो. हायड्रोकार्बन वाढला म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर येते आहे: झिजलेले स्पार्क प्लग, फुटलेली प्लगची वायर किंवा तेल जाळणारे इंजिन. दोन्ही एकदम वाढले असतील तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून फोडून रिकामा केलेला नाही ना ते बघा. नुसत्या टकटकीने पोकळ आवाज येतो. पीयूसीला गाडी वीस मिनिटे चालवून गरम करूनच न्या.

डिझेल गाडीला थांबलेल्या जागी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर मोजतात. इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांपर्यंत जाते. टायमिंग बेल्टची मुदत संपलेली असेल तर तो तिथेच तुटू शकतो, मग व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर आधी बदला, ऑइलची पातळी बघा, एअर फिल्टर नवा टाका, टर्बोचा रबरी पाइप कुठे फाटून तेलकट झालेला नाही ना ते तपासा. काळा धूर बहुधा या पाइपमुळे किंवा काजळीने अडकलेल्या ईजीआर व्हॉल्व्हमुळे (जळालेला थोडा धूर इंजिनात परत सोडणाऱ्या झडपेमुळे) असतो, आणि लोक मात्र थेट इंजेक्टर खोलायला सांगतात.

उरलेले भराभर. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. खाचांत मध्ये मध्ये उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण बाजूला भेगा, असा जुना टायर कमी चालणाऱ्या गाड्यांत फार दिसतो. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, काळी फिल्म काढून टाका. पुढच्या काचेवर वायपर फिरतो त्या भागात तडा नको. मल्टिटोन हॉर्न काढा. पुढचे बुलबार काढा, केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच ते बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे. स्पीडोमीटर चालू हवा. मागच्या सीटचे बेल्ट आणि त्यांची बकले नव्या सीट कव्हरखाली गाडलेली असतात, ती उकरून वर काढा आणि प्रत्येक पट्टा झटक्याने ओढून अडकतो का ते बघा. उंदराने कुरतडलेला पट्टा शिवून चालत नाही.

सीएनजी किट नंतर बसवलेले असेल तर त्याची आरसीवर नोंद असलीच पाहिजे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी झालेली हवी. चाचणीची तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते. नोंद नसलेले किट आदल्या दिवशी उतरवून गाडी पास करायची आणि नंतर पुन्हा चढवायचे, हा उद्योग कुणी सुचवला तरी करू नका. प्रत्येक वेळी पाइपचे सांधे सुटतात, आणि गळती केबिनमध्ये होते.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगणे, की बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना इसार देण्याआधी ती रॅम्पवर चढवायला सांगा. विकणारा तयार नसेल तर गाडी सोडून द्या. चॅसी नंबर, तुळई, शॉकअॅब्सॉर्बरचे कप आणि सीटबेल्टची रेघ या चार गोष्टी बघायला अर्धा तास पुरतो. बाकी जे वर लिहिले ते सगळे दुरुस्त होते आणि त्याचा अंदाज काढून किमतीतून वजा करता येतो.

परिवहन कार्यालयाला आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या आहेत. पुनर्नोंदणीच्या तपासणीत काय काय पाहिले जाते त्याची मराठीतली यादी तपासणीच्या जागेवर मोठ्या अक्षरांत लावावी. आणि गाडी अडवली तर नेमका दोष, कुठल्या चाकाचा, कुठल्या बाजूचा, हे मालकाच्या हातात लिहून द्यावे. "ब्रेक कमी" एवढेच सांगितले तर मेकॅनिक चारही चाके खोलतो, "मागचे डावे चाक" असे लिहिले तर एकच ड्रम उघडून दोष कळतो.

आपले,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक,
सांगली